मूर्ती न विरघळण्याबाबत

नॅनो म्हणजे काय हे मला पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी वर्तमानपत्राची पुरवणी वाचत होते आणि मला फार आनंद झाला होता. दुसऱ्यांदा कळलं तेव्हा मी बाल्कनीत बादलीशेजारी पाटावर बसले होते, आणि तिथे आनंदाचा काही प्रश्नच नव्हता.

पहिल्या वेळेचं थोडक्यात सांगते. आमच्या फरीदाबादच्या मराठी मंडळाची दर गणपतीला एक स्मरणिका निघते. तिच्यात मोदकांच्या तीन पाककृती, एक काश्मीरचं प्रवासवर्णन आणि अध्यक्षांच्या नातवाची कविता असा ठरलेला ऐवज असतो. यंदा कुणीतरी म्हणालं, काहीतरी विज्ञानाचंही हवं. मंडळात इंजिनिअर बक्कळ आहेत, पण त्यांना वेळ नसतो. मला असतो. शिक्षण म्हणाल तर बारावी, तीही आर्ट्स. पण छापलेलं काहीही समोर आलं की मी ते वाचून संपवते, मग तो औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद का असेना. माझ्या मुलीची, रेवतीची, शाळेतली विज्ञानाची सगळी पुस्तकं मी तिच्याहून जास्त मन लावून वाचली. परीक्षा फक्त तिने दिली. तेव्हा मी दोन महिने खपून लेख लिहिला, 'नॅनोतंत्रज्ञान : अर्थ आणि उपयोग'.

अर्थ असा, की एका मीटरचे शंभर कोटी तुकडे करायचे आणि त्यातला एक उचलायचा. उचलता येत नाही, ती गोष्ट वेगळी. आपला केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो. बोटाचं नख दर सेकंदाला साधारण एक नॅनोमीटर वाढतं. हे वाक्य मी मंडळाच्या कार्यक्रमात वाचून दाखवलं, तेव्हा पहिल्या तिन्ही रांगांतल्या बायकांनी एकदम आपापल्या नखांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण कुणाला तरी काहीतरी शिकवलं.

वस्तू इतकी बारीक केली की तिचा स्वभावच बदलतो, हे त्यातलं मर्म. सोनं लाल दिसायला लागतं. चांदी जंतू मारायला लागते. उपयोगांत मी पाण्याचे फिल्टर लिहिले, औषध नेमक्या दुखऱ्या जागी पोचवणारे कण लिहिले, डाग न धरणारं कापड लिहिलं, आणि शेवटी कमळाचं पान. त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारे मेणचट उंचवटे असतात, म्हणून पाणी त्यावर टेकत नाही, थेंब होऊन घरंगळतं. तेच माणसाने बाटलीत भरलं.

लेखानंतर मी सोसायटीतली अधिकृत तज्ज्ञ झाले. ज्या वस्तूवर नॅनो असं लिहिलेलं असेल, ती माझ्याकडे तपासणीला येऊ लागली. समोरच्या फ्लॅटमधल्या बत्रा भाभी तर मोजेसुद्धा घेऊन आल्या. "दीदी, लिखा है नैनो सिल्वर, बदबू नहीं आएगी। आप ज़रा देख लो।" मी पाहिलं. कसं पाहिलं ते विचारू नका.

आता गणपतीकडे येते.

माझे सासरे, दीनानाथ, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वय चौऱ्याऐंशी. नोकरीसाठी पेणहून दिल्लीला आले तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत कपडे कमी आणि शाडूची माती जास्त, असे आले. त्या मातीचा गणपती ते दरवर्षी स्वतः करतात. पाचव्या दिवशी घरीच बादलीत विसर्जन. माती खाली बसली की वरचं पाणी काढायचं, लगदा सुकवायचा, डब्यात भरायचा, पुढच्या वर्षी पुन्हा तीच माती. पन्नासहून जास्त वर्षं तीच. दर खेपेला थोडी बादलीला लागते, थोडी हाताला, म्हणून मूर्तीही दरवर्षी तसूभर लहान होते. माझं लग्न झालं तेव्हा बाप्पा कोपरापर्यंत होते, आता वीतभर आहेत.

त्या मातीला हात लावायची परवानगी घरात कुणालाही नव्हती. माझे यजमान श्यामकांत यांनी लहानपणी एकदा गणपती केला होता, तर अण्णांनी तो हातात घेऊन शांतपणे विचारलं होतं, "हे कोण?" त्यानंतर श्यामकांत सरकारी नोकरीकडे वळले. मला मात्र शिकायचं होतं. लग्न होऊन आल्यापासून मी पाणी आणून देते, ओलं फडकं पिळून देते आणि बघते. बघून बघून मी पोळ्या, शिवण, कॉम्प्युटर सगळं शिकले. माती बघून येत नाही.

गेल्या दिवाळीपासून अण्णांचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सकाळची गोळी घेतली की जेमतेम दोन तास हात ऐकतात. मग चहाचा कपही बशीवर वाजतो. यंदा त्यांनी आषाढातच मूर्ती सुरू केली. रोज दोन तास. नुसत्या डोळ्यांना अकरा सकाळी लागल्या. एक रेघ ओढायची, थांबायचं, मनगट दुसऱ्या हाताने धरायचं, पुन्हा रेघ. मी दारात उभी असायचे आणि माझं दूध उतू जायचं.

चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात मी करोल बागेत गेले होते, गाडीच्या सीट कव्हरसाठी. दुकानदाराने माझ्यासमोर एका विटेवर बाटलीतलं काहीतरी फवारलं, वाळू दिलं आणि वर आपल्या चहाचा उरलेला घोट ओतला. चहाचे मोती झाले आणि टपाटप खाली उतरले. वीट कोरडी.

"शीशा, पत्थर, ईंट, मिट्टी का दीया, जहाँ मर्ज़ी मारो मैडम," तो म्हणाला. "पानी आएगा, नमस्ते करेगा, चला जाएगा।"

मी ती बाटली घेतली. कारण असं, की ज्या कोनाड्यात आमचा गणपती बसतो, त्याच्या वर वरच्या मजल्याची मोरी येते आणि छतातून थेंब पडतो. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी बाप्पांच्या सोंडेला खड्डा पडला होता. हे कारण खरं आहे आणि कुणालाही सांगता येण्यासारखं आहे. आणखी एक कारण होतं. ते मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही.

अण्णा दुपारचे झोपले होते. मी मूर्ती बाल्कनीत नेली आणि फवारली. तीन हात दिले. अर्धवट काम करायची मला सवय नाही, म्हणून मूर्ती वाळल्यावर मऊ टॉवेलवर आडवी करून बुडालाही तीन हात दिले. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. ना चकाकी, ना वास. नॅनोचं हेच तर वैशिष्ट्य, असं मी लेखात लिहिलंच होतं.

पाच दिवस उत्तम गेले. थेंब पडले आणि नमस्ते करून गेले. पाचव्या दिवशी, रविवारी, उत्तरपूजा झाली, दहीपोह्यांचा नैवेद्य झाला, श्यामकांतनी मूर्ती बादलीत सोडली. अण्णा शेजारी खुर्चीवर. आम्ही सगळे हात जोडून उभे होतो, दरवर्षी असतो तसे. आणि अण्णा पाण्याकडे बघत म्हणाले,

"अलका, दोन दिवसांत माती बसेल. मग तुला शिकवायला घेतो. ओल्या मातीवरच शिकायचं असतं. आणि मला आता पुढच्या वर्षावर ढकलून चालायचं नाही."

अठ्ठावीस वर्षं मी ज्याची वाट पाहिली, ते वाक्य मला असं मिळालं. आणि त्याच क्षणी मी बादलीत पाहिलं.

मूर्ती चांदीची झाली होती.

खोटं नाही सांगत. पाण्याखाली ती नखशिखान्त चकाकत होती. एरवी शाडू पाण्यात गेली की बुडबुडे निघतात, कडा मऊ होतात, पाणी दुधाळतं. इथे पाणी स्वच्छ, आणि त्यात चांदीचे बाप्पा शांत बसलेले. मला कारण माहीत होतं. पाणी जिथे टेकत नाही, तिथे मध्ये हवेचा पातळ पापुद्रा राहतो आणि तो चमकतो. पण हे मला माहीत का आहे, हे सांगायची वेळ ती नव्हती. निदान मला तसं वाटलं. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक चुका या 'ही वेळ ती नव्हे' या जातीच्या आहेत.

"लागेल वेळ," श्यामकांत म्हणाले. "दिल्लीचं पाणी जड आहे."

सोमवारी सकाळी मूर्ती तशीच. बत्रा भाभी वाटी परत करायला आल्या आणि बादली पाहून त्यांच्या हातातून वाटीच पडली.

"हाय रब्बा! दीदी, ये तो चाँदी के हो गए!"

"भाभी, तसं नाही, वो ऐसा है कि..."

"आप कुछ मत बोलो. ऐसी चीज़ों पे बोलते नहीं हैं।" त्यांनी पदर डोक्यावर घेतला. अर्ध्या तासात आमच्या बाल्कनीत बारा बायका होत्या. एकीने गुडघ्यांचं दुखणं सांगितलं, एकीने सुनेचं. एका आजोबांनी तर खाली वाकून बादलीला नमस्कार केला, आणि ती आमची फरशी पुसायची बादली नाही ना, या शंकेने माझा जीव खालीवर झाला. नव्हती. पण निळी होती, आणि फरशीचीही निळीच आहे.

दुपारी गुरुग्रामच्या ऑफिसातून रेवतीचा फोन. "आई, यार, तू व्हायरल आहेस. बत्रा आंटीने ग्रुपवर टाकलंय. हे काय आहे?"

"गणपती आहे."

"ते दिसतंय. पण शाइन कशाला मारतोय?"

मी म्हटलं, नेटवर्क नाही.

भक्तीबरोबर सल्लेही आले. कोमट पाणी घाला. व्हिनेगर घाला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका सद्गृहस्थांनी प्रेशर कुकर सुचवला आणि किती शिट्ट्या तेही सांगितलं. मी कोमट पाणी घातलं. चांदी आणखी उजळली.

श्यामकांत यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण अडचण आली की त्यांचा हात अजून फाइलकडे जातो. त्यांनी एक कोरा कागद घेऊन वर लिहिलं, 'विषय : मूर्ती न विरघळण्याबाबत'. खाली मुद्दे. एक, रविवार रोजी मूर्ती पाण्यात सोडण्यात आली. दोन, अद्याप विरघळलेली नाही. तीन, संबंधित मातीचा पूर्वेतिहास समाधानकारक आहे. चार, सबब कारणांचा शोध घेणे आवश्यक.

"अगं, उत्तरपूजा झाली, निरोप दिला, आणि ते घरातच आहेत," ते पेन थांबवून म्हणाले. "त्यांचं आत्ताचं स्टेटस काय? नैवेद्य दाखवायचा की नाही?"

अण्णा खुर्चीतून म्हणाले, "निरोप घेतलेला पाहुणा गाडी चुकून परत आला तर आपण चहा विचारतोच ना? दाखव साखरेचा."

हे ते हसून म्हणाले. पण नंतर बराच वेळ ते आपल्या हातांकडे बघत बसले. मी त्यांच्यासमोर दुधाचा कप ठेवला, तेव्हा हळूच म्हणाले, "माझंच चुकलं बहुतेक. हात थरथरतो म्हणून मी यंदा माती फार मळली. मेली ती. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं."

इथे मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. आणि म्हटलं काय, तर "दूध गार होतंय."

मंगळवारी श्यामकांतना वर्तमानपत्रात एक सूचना सापडली. सेक्टरच्या मैदानात विसर्जन केंद्र, घरगुती मूर्तींसाठी वेगळे ड्रम, ढवळायची यांत्रिक सोय, आणि माती हवी असल्यास पिशवीतून परत. त्यांना ते वाचून पदोन्नती झाल्यासारखं वाटलं. आम्ही बाप्पांना बादलीतून काढलं. पुसायची गरज पडली नाही, ते कोरडेच होते. ई-रिक्षात मांडीवर घेऊन निघालो. वाटेत लोक हात जोडत होते आणि विचारत होते, "अब ला रहे हो जी? बड़ी देर कर दी।" सातव्या दिवशी गणपती आणणारं कुटुंब म्हणून आमची नोंद त्या रस्त्यावर झाली असणार.

केंद्रात टेबलामागे एक तपासनीस बसले होते. पांढरे केस, स्वच्छ सदरा, समोर फॉर्मचा गठ्ठा. फॉर्मवर दोन रकाने. माती. पीओपी.

"मिट्टी," श्यामकांत ठामपणे म्हणाले. "पेण की. पचास साल पुरानी।"

तपासनिसांनी ड्रॉपरने मूर्तीच्या खांद्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब उभा राहिला, मग सोंडेवरून घरंगळला आणि फॉर्मवर पडला. त्यांनी दुसरा सोडला. तिसरा सोडला. मग चष्मा काढून पुसला.

"सर, ये मिट्टी नहीं है।"

"मग काय पीओपी आहे?" श्यामकांत चिडून मराठीतच म्हणाले, आणि लगेच, "तो क्या पीओपी है?"

"पीओपी भी नहीं है। पीओपी कम से कम भीगता तो है।" त्यांनी अतिशय आदराने मूर्ती आमच्याकडे सरकवली. "मैंने चौदह साल में ऐसा कुछ नहीं देखा। ये है क्या?"

मागे रांग लागली होती. ढोल थांबला होता. श्यामकांतचा चेहरा मी पाहिला. ज्या माणसाने आयुष्यभर कुठलाही फॉर्म चुकीचा भरला नाही, त्याच्या वडिलांच्या मातीला, ती माती नाही, असं चारचौघांत सांगितलं गेलं होतं. मग मात्र मी बोलले. हिंदीत, उभी राहून, पहिल्यापासून. एक मीटर के सौ करोड़ हिस्से. कमल का पत्ता. हवा की परत. बाटली, तीन हात, बुडालाही. माझा लेख मी मंडळात वाचला त्याहून चांगला मी तो त्या रांगेपुढे सांगितला, आणि यावेळी कुणीही आपल्या नखांकडे पाहिलं नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते.

तपासनिसांनी पूर्ण ऐकून घेतलं. फॉर्म उलटा करून मागची बाजू तपासली. पुन्हा सुलटा केला.

"मैडम, बात आपकी सही होगी," ते खेदाने म्हणाले. "पर इसका कॉलम नहीं है।"

परतताना ई-रिक्षात श्यामकांत एवढंच बोलले. "तीन हात का दिलेस? एक पुरला असता." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मी बाप्पांना टेबलावर ठेवलं आणि अण्णांसमोर स्टूल ओढून बसले.

"अण्णा, तुमचा हात चुकला नाही. माती मेलेली नाही. मी त्याच्यावर फवारलंय."

"काय?"

"नॅनो."

"तुझ्या त्या लेखातलं?"

"हो."

"किती हात?"

"तीन."

"बुडाला?"

"बुडालाही."

त्यांनी मान डोलावली, एक कारागीर दुसऱ्याचं काम बघून डोलावतो तशी. "नीट केलंस." मग थोडं थांबून, "का केलंस?"

"वरून गळतं ना..."

"गळतं म्हणून गेल्या वर्षी तू कोनाड्यावर प्लास्टिक ताणलंस, आणि ते पुरलं. मी पाहिलं. का केलंस, अलका?"

तपासनीस आणि अख्खी रांग, यांच्यापुढे मला हे अवघड गेलं नव्हतं. तिथे मी फक्त कसं केलं ते सांगितलं होतं.

"अकरा सकाळी लागल्या डोळ्यांना," मी म्हटलं. "मी दारातून बघत होते. ती रेघ पाण्यात जाताना मला बघवणार नव्हती. तुमच्या हातची शेवटची..."

श्यामकांत स्वयंपाकघरात गेले आणि तिथे उगाचच नळ सोडून उभे राहिले.

अण्णांनी टेबलावरच्या मूर्तीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाप्पा रविवारीच गेले. उत्तरपूजेच्या अक्षता वाहून मूर्ती हलवली, तेव्हाच गेले. दोन दिवस बादलीत तू मला ठेवलं होतंस." आणि क्षणभराने, "मला नाही राहायचं बादलीत."

मी हसले, आणि रडलेही. दोन्ही एकदम करताना माणूस फार वाईट दिसतो.

"आता उद्या सकाळी गोळी घेतल्यावर ते खरवडायचं. वरची साल काढली की आत पाणी जाईल."

"तुम्ही खरवडाल?"

"माझं काम मोडायला मला कुणाची परवानगी लागत नाही. पण मी नाही मोडणार. तू मोडशील. शिकायचंय ना? पहिला धडा तोच."

बुधवारी सकाळी बाल्कनीत पाट मांडला. पॉलिश पेपर, एक जुनी सुरी, नवी बादली. श्यामकांतनी दार लावून घेतलं, कारण बत्रा भाभी निरांजन घेऊन बाहेर उभ्या होत्या आणि त्यांना समजावण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. बाहेरून त्यांचा आवाज येत होता, "भाभीजी, चमत्कार फ़िलहाल स्थगित है।"

मी मूर्ती मांडीवर घेतली आणि पाठीकडून सुरुवात करायला गेले.

"पाठ नको," अण्णा म्हणाले. "डोळ्यांपासून कर. कठीण ते आधी. नाहीतर शेवटी तेवढेच उरतील आणि तू पुन्हा बाटली आणशील."

मी पॉलिश पेपर डाव्या डोळ्यावर ठेवला. रेघ जवळून पाहिली, अशी मी ती कधीच पाहिली नव्हती. लांबून ती सरळ दिसायची. जवळून तिच्यात बारीक कंप होता, सुईच्या टोकाएवढा, आणि प्रत्येक कंपानंतर हात पुन्हा वाटेवर आलेला. मी अण्णांकडे पाहिलं. ते बाहेर कडुनिंबाकडे बघत होते. मी डोळे मिटले आणि घासलं.

पावडर पडली, पिठीसाखरेसारखी. थोडी बादलीत उडाली ती पाण्यावर तरंगतच राहिली, भिजायला तयार नाही. ती मी चहाच्या गाळणीने काढली. अख्ख्या मूर्तीची मिळून अर्धी वाटी भरली नाही. श्यामकांतनी तिची पुडी बांधून फाइलीला टाचली आणि खाली लिहिलं, 'सोबत : एक'.

खरवडलेली मूर्ती पाण्यात सोडली. आता तिला डोळे नव्हते, सोंडही बोथट झाली होती, आणि रंग तो जुना मातकट. क्षणभर काही झालं नाही. मग खांद्यापाशी एक बुडबुडा आला. मग पोटापाशी तीन. मग सगळीकडून, बारीक सुईसारख्या रेषांत, सरसर आवाज करत. अण्णांनी खुर्ची पुढे ओढली. आम्ही दोघं वाकून ऐकत होतो.

दुसऱ्यांदा कळलं म्हटलं, ते हे. मातीही तसल्याच बारीक मापाची असते. तिच्यात चपट्या पापुद्र्यांचे थर असतात. पाणी मध्ये शिरतं आणि पापुद्रे एकमेकांना सोडतात. सोडतात म्हणूनच ते पुन्हा दुसऱ्या आकारात एकमेकांना धरू शकतात. मी फिल्टर लिहिला, औषध लिहिलं, मोजे तपासले, आणि घरात डबाभर माती असून तिच्याबद्दल एक ओळ लिहिली नव्हती. जो पापुद्र्यांना एकमेकांपासून सुटू देत नाही तो उपाय मातीसाठी नसतो, विटेसाठी असतो. दुकानदाराने प्रयोग विटेवरच करून दाखवला होता; त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नाही.

दुपारपर्यंत पाणी दुधाळ झालं. तळाशी ढिगारा झाला. संध्याकाळी त्याला आकार उरला नव्हता. मला वाटलं होतं मी रडेन. मी फक्त बादली सावलीत सरकवली.

शुक्रवारी सकाळी साडेआठला अण्णांनी गोळी घेतली, नऊला माझ्यापुढे मातीचा गोळा आला. थंड, जड, आणि इतका मऊ की मला एकदम परकं वाटलं. इतकी वर्षं मी तिच्याकडे बघत होते, पण ती हाताला कशी लागते ते मला माहीत नव्हतं.

"सोंड वगैरे नाही," अण्णा म्हणाले. "उंदीर कर."

मी केला. तासभर. त्यांनी मध्ये फक्त दोनदा तोंड उघडलं. एकदा "पाणी फार" आणि एकदा "घाबरू नकोस, तो पळणार नाही." शेपटी दोनदा गळून पडली. कान मात्र, मी स्वतः म्हणते म्हणून नाही, चांगले आले. डावा तर फारच. श्यामकांत डोकावून गेले आणि "हे कोण?" असं त्यांनी विचारलं नाही, यावरून काय ते समजा.

अण्णांनी तो तळहातावर घेतला. हात अजून स्थिर होता. सगळीकडून फिरवून पाहिला, डाव्या कानावरून अंगठा अगदी हलका नेला.

"कान जमला," ते म्हणाले.

मला फोटो काढायचा होता, रेवतीला पाठवायला. मी म्हटलं, अण्णा, एक मिनिट, हात पुसून फोन घेऊन येते. नळाखाली हात धुतले, पदराला पुसले, फोन घेऊन धावत बाल्कनीत आले.

अण्णांच्या मुठीच्या बोटांमधून उंदीर बाहेर येत होता. त्यांनी मूठ उघडली, गोळा बादलीत टाकला, आणि वरून थोडं पाणी शिंपडलं.

"पुन्हा," ते म्हणाले.